साठ फुटांची टेकडी

सरोजिनी नगर म्हटलं की लोकांना स्वस्त कपड्यांचा बाजार आठवतो. मी इथे लेकीकडे असलो की सकाळी दिल्लीच्या रिजवर चालायला जातो. रिज म्हणजे अरवलीचं उत्तरेकडचं टोक. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला ही टेकडी वाटतच नाही. पण फौजेत पहिल्याच वर्षी शिकलो: उंची बघायची ती आजूबाजूच्या जमिनीच्या हिशेबानं.

1857चंच घ्या. 8 जूनला बादली की सराईची लढाई जिंकून इंग्रजांनी उत्तर रिज धरली. शहरापेक्षा ती जेमतेम साठ फूट उंच. तेवढ्या आधारावर त्यांनी उन्हाळा आणि पावसाळा काढला, आणि 14 सप्टेंबरला शहरावर हल्ला चढवला.

त्याआधी 120 वर्षं, मार्च 1737. मोगल सरदार समजत होते की मराठे मागे हटले. बाजीराव मात्र त्यांना बगल देऊन थेट दिल्लीच्या दाराशी आले. मुक्काम आधी कालकाजीजवळ पडला. बादशाही फौज शहराबाहेर निघाली, तेव्हा रिजच्या पायथ्याशी, रकाबगंज-तालकटोरा भागात, राणोजी शिंदे आणि मल्हारराव होळकर यांच्यासारख्या सरदारांनी तिचा पराभव केला. शहर जाळायचं नाही, हा निर्णय बाजीरावांनी चिमाजीअप्पांना पत्रानं कळवला. आज तालकटोऱ्यात स्टेडियम आहे, बाग आहे. शेजारून रोज हजारो गाड्या जातात.

आता वर्तमानाकडे येऊ. 20 नोव्हेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं एक व्याख्या मान्य केली: आसपासच्या जमिनीपेक्षा 100 मीटर उंच असेल, तर ती अरवलीची टेकडी. विरोध झाला, आणि 29 डिसेंबरला न्यायालयानंच तो आदेश स्थगित केला. दिल्लीच्या रिजला 1994च्या अधिसूचनेचा वेगळा आधार आहे. 7,777 हेक्टर राखीव वनासाठी ती निघाली. पण हरियाणा-राजस्थानातल्या बुटक्या टेकड्यांचं काय?

हा दगड चुनखडीचा नाही, क्वार्टझाइटचा आहे. त्याच्या भेगांतून पाऊस खाली मुरतो आणि विहिरींना मिळतो. पाणी मुरायला 100 मीटर उंची लागत नाही. साठ फुटांवर एका साम्राज्यानं तग धरला होता, हे तरी लक्षात ठेवू.

रिजवर गेलात तर पायवाट सोडू नका आणि कचरा परत आणा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.