खऱ्या घड्याळाची पारख

नाशिकचें नांव निघालें म्हणजे प्रथम गोदावरी, पंचवटी आणि सिंहस्थ यांचें स्मरण व्हावें, हें स्वाभाविकच आहे. परंतु या क्षेत्राला गेल्या शतकांत आणखी एक ओळख लाभली. ती म्हणजे खऱ्याखोट्याच्या निवाड्याची. नाशिक रोड येथील सरकारी छापखान्यांत १९२५ च्या सुमारास टपालाचीं तिकिटें छापलीं जाऊं लागलीं. १९२८ सालीं चलनी नोटांची छपाई सुरू झाली आणि १९३२ पर्यंत सर्व किंमतींच्या नोटा येथेंच तयार होऊं लागल्या. तत्पूर्वीं त्या विलायतेहून छापून येत असत.

दुसऱ्या महायुद्धांत जपान्यांनीं हिंदी नोटांच्या नकला केल्या. त्यांत दहा रुपयांच्या नोटेची नकल विशेष बेमालूम होती. तिच्यावर रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांची सही होती. त्या नकलांमुळें कागदांतील जलचिन्ह बदलावें लागलें, राजाच्या एका बाजूनें दिसणाऱ्या मुखाऐवजीं समोरून दिसणारें मुख छापावें लागलें, आणि कागदांत संरक्षक धागा घालण्याची रीत या देशांत प्रथमच सुरू झाली. या प्रकरणाचें तात्पर्य असें, कीं नोट बाजारांत चालली एवढ्यावरून ती खरी ठरत नाहीं. खोट्या नोटेनेंही भाजी मिळते. खरेपणा पाहावयाचा तो तिच्या घडणींत.

नोटेचा हा न्याय मनगटावरील घड्याळालाही लागू पडतो. कित्येक घरांतून वडिलांना निवृत्तीच्या वेळीं मिळालेलें किंवा लग्नांत आलेलें एखादें घड्याळ कपाटांत बंद पडून असतें. कोणीतरी तें उचलून पाहतो, तें चालत नाहीं म्हणून ‘नकली असावें’ असा शेरा मारतो आणि तें मोडीच्या भावानें जातें. उलट, रस्त्यावर स्वस्तांत घेतलेलें, नामांकित कंपनीचें नांव मिरविणारें घड्याळ बिनचूक वेळ दाखवितें, म्हणून त्याचा धनी तें खरें समजून समाधान मानतो. दोघांचीही चूक एकच आहे. त्यांनीं चालण्यावरून कुळाची परीक्षा केली.

ही चूक पूर्वीं फारशी घडत नसे, आणि त्याचें कारण घड्याळाच्या इतिहासांत आहे. प्रत्येक घड्याळ दोन गोष्टींची ग्वाही देत असतें. एक, ‘आतां इतके वाजले’. दुसरी, ‘मी अमुक कारखान्याचें’. चावीच्या घड्याळांच्या काळांत पहिली ग्वाही दुसरीची साक्षीदार होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबईच्या पेढ्यांतून स्विस घड्याळें महाराष्ट्रांत येऊं लागलीं. त्यांच्या पोटांतील चक्र तासाला साधारण १८,००० ठोके देई, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. त्यांतले केवळ ५० ठोके चुकले तरी दिवसांत १० सेकंदांचा फरक पडे. असें यंत्र नेमकें चालावयाचें तर पोलाद उत्तम हवें, खडे नीट बसविलेले हवेत आणि कारागिराचा हात सधलेला हवा. नकल करणाऱ्यापाशीं हें कांहींच नसे. त्याचें घड्याळ दिवसाकांठीं पांचदहा मिनिटें मागें पडे, आणि आठवड्याभरांत त्याचें बिंग बाहेर येई. १९६१ सालीं बंगलोरच्या सरकारी एच. एम. टी. कारखान्यानें जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्यानें स्वदेशी मनगटी घड्याळें काढलीं, तेव्हांही हीच कसोटी कायम होती.

ती कसोटी मोडली ती गारगोटीच्या एका स्फटिकानें. गारगोटीच्या जातीच्या या स्फटिकाला इंग्रजींत क्वार्ट्झ म्हणतात. १८८० सालीं पियेर आणि जाक क्यूरी या फ्रेंच बंधूंना असें आढळलें, कीं असा स्फटिक दाबला असतां त्याच्या पृष्ठावर विद्युत् प्रकट होते. पुढें याची उलट बाजूही सिद्ध झाली. स्फटिकाला विद्युत् दिली म्हणजे तो आकुंचन-प्रसरण पावतो. या गुणाचा उपयोग करून अमेरिकेंत वॉरन मॅरिसन यानें १९२७ सालीं पहिलें क्वार्ट्झ घड्याळ बनविलें. तें मनगटावर बांधण्याजोगें होण्यास आणखी बेचाळीस वर्षें लागलीं. २५ डिसेंबर १९६९ रोजीं तोकियो येथें सेको कंपनीनें ‘ॲस्ट्रॉन’ नांवाचें घड्याळ विक्रीस आणलें. त्याची किंमत ४,५०,००० येन होती. त्या वेळीं जपानांत लहानशी मोटारगाडी जवळजवळ तेवढ्यांत मिळत असे. महिन्याला ५ सेकंदांहून अधिक चूक होणार नाहीं, असें त्याचें आश्वासन होतें.

या घड्याळाची रचना समजण्यास अवघड नाहीं. चिमट्याच्या आकाराचा बारीक स्फटिक सेलच्या विद्युतेनें सेकंदाला ३२,७६८ वेळां कंप पावतो. हा आंकडा सहज निवडलेला नाहीं. त्याची पंधरा वेळां निमपट केली असतां बरोबर १ उरतो. तें काम एक सूक्ष्म विद्युत्-मंडल करितें आणि दर सेकंदाला एक ठोका कॉइलला देतें. कॉइलजवळचें चिमुकलें चुंबक त्या ठोक्यानें अर्धा फेरा घेतें आणि सेकंदकांटा एक घर पुढें सरकतो. अशा पावलापावलानें चालणाऱ्या मोटारीची युक्ति मारियस लाव्हे या फ्रेंच अभियंत्यानें १९३६ सालींच काढून ठेविली होती.

पुढें स्फटिक, मंडल आणि मोटार हीं लाखोंच्या संख्येनें तयार होऊं लागलीं आणि त्यांची किंमत झपाट्यानें उतरली. आपल्या देशांत टाटा समूह आणि तामिळनाडूचें औद्योगिक महामंडळ यांनीं १९८४ सालीं स्थापिलेल्या टायटन कंपनीनें १९८७ पासून क्वार्ट्झ घड्याळें घरोघर पोहोंचविलीं. अचूक वेळ श्रीमंतांचा मिरविण्याचा विषय राहिली नाहीं, हा लोकांचा मोठाच लाभ झाला. परंतु त्याबरोबरच घड्याळाच्या दोन ग्वाह्यांची ताटातूट झाली. आतां अगदीं स्वस्त यंत्रही महिन्याला १५-२० सेकंदांपलीकडे सहसा चुकत नाहीं. नकल करणाऱ्यानें तें विकत घ्यावें, वर हवें तें नांव छापावें, कीं झालें. वेळ खरी आणि नांव खोटें, असा हा नवाच प्रकार बाजारांत आला.

म्हणून क्वार्ट्झ घड्याळ हातीं आलें असतां प्रथम त्याचें दुखणें पाहावें आणि नंतर त्याचें कुळ. हे दोन तपास एकमेकांत मिसळूं नयेत.

दुखण्याचा तपास सोप्यापासून अवघडाकडे जावा. घड्याळ बंद असेल तर प्रथम चावी पूर्ण आंत दाबलेली आहे ना, हें पाहावें. ती बाहेर ओढलेली असली म्हणजे कांटे थांबतात, आणि पुष्कळ घड्याळांचा आजार एवढाच असतो. सेकंदकांटा दोन दोन सेकंदांनीं उडी घेत असेल, तर बहुतेक वेळां तो बिघाड नसून सूचना असते. सेल संपत आला आहे, हें सांगण्याची सोय कित्येक कारखान्यांनीं मुद्दाम करून ठेविली आहे. कांटा एकाच जागीं थरथरत असेल तर सेल क्षीण झाला असावा किंवा चाकांत मळ अडकला असावा. सेल बदलतांना त्यावरील क्रमांक जुन्याशीं ताडून पाहावा. व्यास तोच पण जाडी निराळी, अशा सेलमुळें नवें दुखणें उद्भवतें. बोटांचा ओशटपणा सेलला लागूं नये म्हणून घड्याळजी तो प्लॅस्टिकच्या चिमट्यानें धरतात. झांकणाखालचें रबरी कडें जुनें झालें असल्यास तेंही बदलून घ्यावें, नाहींतर पावसाळ्यांत कांचेच्या आंत दंव धरतें.

नव्या सेलनेंही घड्याळ न चालल्यास कॉइलची तार तुटली आहे, कीं वंगण वाळून चाकें जड झालीं आहेत, हें घड्याळजीनें यंत्रानें तपासावें. लोहचुंबकाची बाधाही होते. ध्वनिवर्धकाजवळ किंवा चुंबकी झांकणाच्या पाकिटाशेजारीं ठेविलेलें घड्याळ थांबतें आणि दूर नेतांच पुनः चालूं लागतें. हवामानाचाही थोडा परिणाम असतो. हा स्फटिक सुमारें २५ अंशांवर नेमका राहील असा कापलेला असतो, आणि त्याहून थंडी किंवा उष्मा वाढला तरी तो किंचित् मंदावतो. नाशिकच्या पौषांतील रात्रीं पारा १० अंशांवर उतरला आणि घड्याळ उघड्यावर राहिलें, तर तें दिवसाला अर्ध्या सेकंदाहून थोडें अधिक मागें पडतें. मनगटाच्या उबेंत हा दोष जवळजवळ नाहींसा होतो.

सर्वांत घातक दुखणें म्हणजे मेलेला सेल वर्षानुवर्षें आंत राहणें. तो पाझरतो आणि त्याचा क्षार तांब्याच्या पट्ट्या व मंडल खाऊन टाकतो. वडिलांचें घड्याळ वापरावयाचें नसेल तर आठवण म्हणून ठेवावें, पण सेल काढून ठेवावें. एवढी काळजी न घेतल्यामुळें कित्येक अस्सल घड्याळें पेटींतल्या पेटींत नष्ट झालीं आहेत.

आतां कुळाचा तपास. नाशिकच्या सराफ बाजारांत सोनें कसोटीच्या दगडावर घासून पाहतात. दागिना चमकतो कीं नाहीं, हें सराफ विचारीत नाहीं. घड्याळाचा कस तबकडीवर आणि झांकणाच्या आंत लागतो. भिंगांतून पाहिलें असतां अस्सल तबकडीवरील अक्षरांच्या कडा स्वच्छ असतात, रेघा सारख्या अंतरावर असतात आणि कांट्यांच्या कडांना खरबरीतपणा नसतो. नकलेंत शाई पसरलेली, अक्षरें वांकडीं आणि कधीं कधीं नांवाचें शुद्धलेखनही चुकलेलें आढळतें. तबकडीवर ‘ऑटोमॅटिक’ असें लिहिलेलें असून कांटा सेकंदागणिक एकेक ठोका घेत असेल, तर तेथें विशेष सावध व्हावें. झांकण उघडल्यावर यंत्रावर कारखान्याचें चिन्ह व क्रमांक कोरलेला आहे का, आणि तो क्रमांक पाठीवरील लेखाशीं जुळतो का, हें पाहावें. यंत्र केवळ प्लॅस्टिकच्या कड्यांत सैल बसविलेलें असेल तर संशय बळावतो.

मात्र एकाच लक्षणावरून निकाल देऊं नये. पुष्कळ प्रामाणिक कंपन्या दुसऱ्या कारखान्याचीं यंत्रें उघडपणें वापरतात. तेव्हां आंतलें नांव निराळें दिसलें एवढ्यानें घड्याळ नकली ठरत नाहीं. सेकंदकांटा खुणेवर नेमका न पडणें हा दोष अस्सल घड्याळांतही असूं शकतो. याहून सूक्ष्म प्रकार चावीच्या जुन्या घड्याळांत दिसतो. केंद्र सरकारनें २०१६ सालीं एच. एम. टी.ची घड्याळ-कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला, त्या सुमारास त्या घड्याळांना हौशी लोकांची मागणी वाढली. मग जुनें अस्सल यंत्र घ्यावें, तबकडी नव्या भडक रंगानें रंगवावी आणि दुर्मिळ वस्तु म्हणून विकावी, असा धंदा चालूं लागला. संग्राहकांनीं अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ असें नांव देऊन ठेविलें आहे. अंतरंग खरें, चेहरा नवा. विकणाऱ्यानें तबकडी रंगविलेली आहे असें स्पष्ट सांगितलें तर त्यांत गैर कांहीं नाहीं. न सांगतां विकली तर ती फसवणूकच होय.

येथें हाही प्रश्न विचारला जाईल, कीं घड्याळ वेळ बरोबर दाखवीत असतां नांवाची एवढी चिकित्सा कशाला? त्याचें उत्तर नाशिक रोडच्या छापखान्यानेंच दिलें आहे. खोटी नोट एका हातांतून दुसऱ्या हातांत जाईपर्यंत कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. बिघडतो तो सर्वांचा सर्वांवरील विश्वास. घड्याळावरील नांव म्हणजे कारखान्यानें दिलेलें वचन असतें. दहा वर्षांनीं सुटा भाग मिळेल, पाणी आंत जाणार नाहीं, कातडीला अपाय करणारा धातु वापरलेला नाहीं, हें सारें त्या चार अक्षरांत येतें. खोट्या नांवामागें तें वचन पाळणारा कोणीच नसतो.

यासाठीं नोट हातीं आली असतां जाणता मनुष्य जशी ती उजेडाकडे धरून पाहतो, तसेंच घड्याळही घेण्यापूर्वीं भिंगाखालीं धरावें आणि घड्याळजीकडून एकदां उघडवून पाहावें. आणि घरच्या कपाटांत एखादें बंद घड्याळ पडलें असेल, तर त्याला खोटें म्हणण्यापूर्वीं एक नवा सेल घालून पाहावा.