मुंबईत भेटलेला वऱ्हाडचा कापूस

अकोल्याहून आमच्या शाळेची सहल मुंबईस निघाली तेव्हा मुलांना एकच ओढ होती, समुद्राची. आपल्याकडील कित्येक घरांत समुद्र प्रथम पाहिला तो हजला निघालेल्या आजोबांनी. हाजींची जहाजे मुंबई बंदरातून सुटत. 1995 मध्ये ती बंद झाली आणि विमानाने जाणाऱ्यांच्या बोलण्यातून समुद्र गेला.

चौपाटी झाली, भेळ झाली. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्याखाली उभे असताना बाळापूरकडील एका कास्तकाराच्या मुलाने विचारले, "सर, एवढा पैसा आला कुठून?"

उत्तर आपल्याच शिवारात होते. मनोरा 1878 मध्ये पुरा झाला. त्यासाठी दोन लाख रुपये दिले होते कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी. राजाबाई हे त्यांच्या आईचे नाव. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच भाव कोसळले. मुंबईच्या अनेक पेढ्या बुडाल्या. खुद्द प्रेमचंदही त्यातून सुटले नाहीत.

आणि वऱ्हाड? पूर्वी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई, तेथून नावांनी कलकत्त्यास. ही वाट मुंबईकडे वळवली ती आगगाडीने. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी धावली. पुढच्याच महिन्यात, फौजेच्या खर्चाचे देणे दाखवून, कंपनीने निजामाकडून वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतला. एकीकडे बंदरापासून आत शिरणारा रूळ, दुसरीकडे हाती आलेला कापसाचा मुलूख! या दोन घटना मी कित्येक वर्षे दोन निरनिराळ्या धड्यांत शिकवीत आलो. त्या एकाच वर्षाच्या आहेत हे मुलांना कधी सांगितले नव्हते, याची त्या मनोऱ्याखाली लाज वाटली. लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचला तो 1867 मध्ये. तोवर युद्धकाळची तेजी ओसरली होती.

"म्हणजे भाव होता तेव्हा गाडी नव्हती," तो मुलगा म्हणाला. मी काही बोललो नाही.

परतीच्या गाडीला अवकाश होता. स्टेशनासमोरच अंजुमन-ए-इस्लामची इमारत आहे. बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1874 मध्ये ही संस्था उभारली. तय्यबजी मुंबईतील पहिले हिंदी बॅरिस्टर आणि 1887 च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष. मुले कमानीतून आत डोकावत राहिली; त्यांना तेथून हलविताना मला गाडी चुकण्याची धास्ती वाटू लागली.

पहाटे शेगाव मागे पडले आणि खिडकीतून पऱ्हाटीची शेते दिसू लागली. तो मुलगा वही मांडीवर घेऊन बसला होता. पानावर ठळक अक्षरांत 1853 लिहिले होते आणि त्याखाली दोन ओळी, एक ठाण्याची, एक वऱ्हाडची.