उतारवयातील तडाखेबंद फलंदाज : संघाला आधार की ओझे?

भातकापणी आटोपून खळी उरकली की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील रिकाम्या खाचरांवर टेनिस चेंडूच्या क्रिकेटचा हंगाम सुरू होतो. किन्हवली, डोळखांब, सरळगाव, धसई परिसरातील गावांत पावसाळ्याच्या तोंडापर्यंत हा खेळ रंगतो. काही स्पर्धा 'एक गाव, एक संघ' या नियमाने होतात, तर काही ठिकाणी आयपीएलच्या धर्तीवर गुणांची बोली लावून खेळाडूंचे 'लिलाव' होतात. संघ निवडताना एका नावापाशी चर्चा हमखास अडते. कधीकाळी एकहाती सामने फिरवणारा, आता चाळिशीकडे झुकलेला, मधली वर्षे मैदानापासून दूर असलेला आणि पंचांशी किंवा सहकाऱ्यांशी घातलेल्या वादामुळे लक्षात राहिलेला फलंदाज पुन्हा खेळण्याची इच्छा व्यक्त करतो. त्याला घ्यावे, तर गावातील एखादा विशीतला मुलगा बाहेर बसतो. न घ्यावे, तर तोच समोरच्या संघातून खेळण्याची भीती असते.

हाच पेच कोट्यवधींची उलाढाल असलेल्या व्यावसायिक संघांपुढेही पडतो. महाराष्ट्रातील त्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे पुणे वॉरियर्स आणि सौरव गांगुली.

बोलीविना राहिलेला कर्णधार

गांगुली आणि वाद यांचे नाते जुने होते. प्रशिक्षक ग्रेग चॅपेल यांच्याशी झालेल्या संघर्षानंतर २००५ मध्ये त्याचे कर्णधारपद गेले आणि २००६ च्या प्रारंभी संघातील स्थानही गेले. त्याची कारकीर्द संपली, असे तेव्हा अनेकांनी गृहीत धरले होते. मात्र डिसेंबर २००६ मध्ये जोहान्सबर्ग कसोटीत नाबाद ५१ धावा करून तो परतला. जानेवारी २००७ मध्ये नागपूरला वेस्ट इंडिजविरुद्ध ९८ धावा करत त्याने एकदिवसीय संघातही पुनरागमन केले. त्याच वर्षी बंगळुरूत पाकिस्तानविरुद्ध त्याने २३९ धावा फटकावल्या. नोव्हेंबर २००८ मध्ये नागपूरच्याच जामठा मैदानावर तो अखेरची कसोटी खेळला. पहिल्या डावात ८५ आणि दुसऱ्या डावात शून्य अशी ही अखेर होती.

म्हणजे पुनरागमन कसे करतात, हे गांगुलीने एकदा सिद्ध करून दाखवले होते. आयपीएलच्या २०१० च्या हंगामात कोलकाता नाइट रायडर्सकडून त्याने ४९३ धावा केल्या आणि त्या संघात त्याच सर्वाधिक होत्या. तरीही जानेवारी २०११ च्या बंगळुरू येथील लिलावात चार लाख डॉलरची मूळ किंमत असलेल्या गांगुलीसाठी एकाही संघाने हात वर केला नाही. कोलकात्याने त्याऐवजी गौतम गंभीरसाठी २४ लाख डॉलर मोजले. कोलकात्यात निदर्शने झाली, पण संघमालकांचा निर्णय बदलला नाही.

नेरुळच्या मैदानावरील नवा संघ

सहारा समूहाने ३७ कोटी डॉलरना विकत घेतलेला पुणे वॉरियर्स हा संघ २०११ मध्ये नवा होता. गहुंजे येथील स्टेडियम तयार नसल्याने त्याचे घरचे सामने ठाणे जिल्ह्यातीलच नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. युवराजसिंगच्या नेतृत्वाखालील संघ पराभवांनी घेरला होता. त्यातच आशिष नेहरा जखमी झाला आणि त्याच्या जागी मे महिन्यात गांगुलीला करारबद्ध करण्यात आले. जखमी वेगवान गोलंदाजाच्या जागी ३८ वर्षांचा फलंदाज घेण्यामागे केवळ क्रिकेटचे गणित नव्हते, हे उघड होते. नव्या संघाला ओळख हवी होती आणि गांगुलीच्या नावाला देशभर वलय होते.

हैदराबादेत डेक्कन चार्जर्सविरुद्ध पहिल्याच सामन्यात त्याने नाबाद ३२ धावा केल्या. पण हंगामातील चार सामन्यांत मिळून त्याच्या खात्यावर ५० धावाच जमा झाल्या. एवढ्यावर प्रयोग थांबला असता, तर फारसे नुकसान नव्हते. २०१२ मध्ये युवराज कर्करोगावरील उपचारांमुळे खेळू शकला नाही आणि संघाने थेट कर्णधारपदच गांगुलीकडे सोपवले.

सुरुवात आश्वासक होती. वानखेडेवर मुंबई इंडियन्सला २८ धावांनी नमवून पुण्याने हंगामाचा प्रारंभ केला. ५ मे रोजी ईडन गार्डन्सवर पुणे खेळायला उतरले, तेव्हा कोलकात्याचे प्रेक्षक आपला संघ आणि आपला 'दादा' यांच्यात विभागले गेले. सात धावांनी हरलेल्या त्या सामन्यात गांगुलीने ३६ धावा केल्या. वलयाचा हिशेब तिथे चुकता झाला, पण गुणतक्ता वेगळेच सांगत होता. अखेरचे सलग नऊ सामने गमावून पुणे वॉरियर्स १६ पैकी केवळ चार विजयांसह तळाला राहिले. गांगुलीच्या १५ सामन्यांत २६८ धावा झाल्या, सरासरी १७.८६ राहिली आणि शंभर चेंडूंमागे शंभर धावांचा वेगही त्याला गाठता आला नाही. त्याच वर्षी गंभीरच्या नेतृत्वाखाली कोलकाता विजेते ठरले. ऑक्टोबर २०१२ मध्ये गांगुलीने आयपीएलमधून निवृत्ती पत्करली.

त्याच लिलावातील दुसरे नाव

तथापि, 'लिलावात नाकारलेला खेळाडू घेऊ नये' असा निष्कर्ष यातून काढणे घाईचे ठरेल. २०११ च्या त्याच लिलावात ख्रिस गेललाही कोणी घेतले नव्हते. वेस्ट इंडिज मंडळाशी त्याचे बिनसलेले होते आणि बेशिस्तीचा शिक्का त्याच्यावरही होता. जखमी डर्क नॅनेसच्या जागी बंगळुरूने त्याला बोलावले. गेलने ६०८ धावा करून त्या हंगामात सर्वाधिक धावांचा मान मिळवला. दोघेही बदली खेळाडू म्हणूनच आले होते. फरक वयाचा होता, कारण गेल तेव्हा ३१ वर्षांचा होता. त्याहून मोठा फरक भूमिकेचा होता. गेलकडून फक्त फटकेबाजीची अपेक्षा होती. गांगुलीकडून धावा, नेतृत्व, मार्गदर्शन आणि प्रेक्षक अशा चारही गोष्टी एकदम मागितल्या गेल्या.

वय हा एकमेव निकष नाही, हे प्रवीण तांबेनेही दाखवले. मुंबईच्या क्लब क्रिकेटमध्ये वर्षानुवर्षे राबलेल्या या फिरकीपटूने २०१३ मध्ये वयाच्या ४१ व्या वर्षी राजस्थान रॉयल्सकडून आयपीएलमध्ये पदार्पण केले. अर्थात, तो मैदानापासून कधी दूर गेला नव्हता.

बेसबॉलमधील दोन वाटा

अमेरिकन बेसबॉलमध्ये २००७ आणि २००८ साली याच प्रश्नाची दोन उत्तरे मिळाली. सॅमी सोसा हा चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारा, म्हणजे 'होम रन'साठी गाजलेला फलंदाज. २००३ मध्ये आतून पोखरून बूच भरलेली बॅट वापरल्याबद्दल त्याच्यावर बंदीची कारवाई झाली होती. उत्तेजकांच्या संशयाचे सावटही त्याच्यावर होते. २००६ चा पूर्ण हंगाम तो खेळला नाही. २००७ मध्ये टेक्सास रेंजर्सने त्याला कोणतीही हमी न देता, दुय्यम दर्जाच्या करारावर सराव शिबिरात बोलावले. त्याने संघात जागा मिळवली, २१ होम रन मारले आणि कारकिर्दीतील सहाशेवा टप्पाही गाठला. संघ आपल्या गटात तळालाच राहिला, पण कराराची किंमत अल्प असल्याने कोणाचेच फारसे बिघडले नाही.

बॅरी बॉण्ड्सची गोष्ट नेमकी उलटी आहे. २००७ मध्ये त्याने होम रनचा सार्वकालिक विक्रम मोडला. त्या हंगामात २८ होम रन मारून कारकिर्दीची संख्या ७६२ वर नेली. खेळ शाबूत असूनही उत्तेजक प्रकरणाच्या चौकशीत खोटी साक्ष दिल्याचा आरोप त्याच्यावर ठेवण्यात आला. २००८ मध्ये एकाही संघाने त्याला घेतले नाही. पुढे २०११ मध्ये तो न्यायात अडथळा आणल्याबद्दल दोषी ठरला, तर २०१५ मध्ये ती शिक्षा रद्द झाली. तोवर परतीचे वय निघून गेले होते.

महाराष्ट्राचा ताजा निर्णय

वय वेगळे असले, तरी पृथ्वी शॉचे प्रकरण याच पठडीतले आहे. २०१९ मध्ये उत्तेजक चाचणीमुळे त्याच्यावर आठ महिन्यांची बंदी आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघातून त्याला वगळण्यात आले, तर नोव्हेंबरच्या आयपीएल लिलावात तो बोलीविना राहिला. २०२५ मध्ये मुंबई सोडून तो महाराष्ट्राकडे आला. ऑक्टोबरमध्ये मुंबईविरुद्धच्या सराव सामन्यात त्याने १८१ धावा काढल्या आणि बाद झाल्यावर प्रतिस्पर्धी खेळाडूशी वादही घातला. त्याच महिन्यात चंडीगडविरुद्ध रणजी सामन्यात त्याने १५६ चेंडूंत २२२ धावा कुटल्या. गुण आणि दोष एकाच गाठोड्यात येतात, याचा प्रत्यय महाराष्ट्राला महिनाभरातच आला. डिसेंबर २०२५ च्या लिलावात दिल्ली कॅपिटल्सने त्याला ७५ लाख या मूळ किमतीला घेतले.

निर्णयाचे निकष

या उदाहरणांतून काही कसोट्या हाती लागतात. पहिली कसोटी अलीकडच्या खेळाची. जुनी कीर्ती नव्हे, तर गेल्या काही महिन्यांतील सराव आणि धावा पाहाव्यात. दुसरी कराराची. तो अल्प मुदतीचा आणि कमी किमतीचा असावा, म्हणजे फसल्यास माघार घेता येते. तिसरी भूमिकेची. फटकेबाजीसाठी घेतलेल्या खेळाडूवर नेतृत्व लादू नये, कारण कर्णधाराला धावा होत नसल्या तरी वगळणे अवघड जाते. चौथी वादाच्या स्वरूपाची. तापट स्वभाव संघाला सांभाळून घेता येतो, मात्र खेळाशी केलेल्या लबाडीचा डाग संपूर्ण संघाला लागतो.

पाचवी कसोटी सर्वांत महत्त्वाची. त्याच्यासाठी जागा कोण सोडणार? मोठ्या लीगमध्ये बाहेर बसलेल्या तरुणाला दुसरा संघ मिळू शकतो. 'एक गाव, एक संघ' असलेल्या स्पर्धेत त्याला दुसरे दार नसते. आसनगावहून पहाटेची लोकल पकडून कामाला जाणारा किंवा मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळी करणारा मुलगा रविवारच्या एका सामन्यासाठी आठवडाभर वाट पाहतो. ज्येष्ठ फलंदाजाने त्याच्या बाजूला उभे राहून खेळावे, शिकवावे आणि धावा आटल्या की स्वतःहून बाजूला व्हावे, एवढी अट मान्य असेल तर त्याला घेण्यात गावाचे हितच आहे. ही अट मात्र संघनिवडीपूर्वीच, चार जणांसमोर ठरायला हवी.