१६० चौरस फुटांचा संसार

छोट्या घराचे कौतुक कानावर आले, की मला मुंबईतल्या बीडीडी चाळी आठवतात. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात त्या बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, अन् खोली अवघी १६० चौरस फुटांची! एवढ्यात गिरणी कामगाराचे कुटुंब मावले, ते माझ्या मते खोलीपेक्षा दाराबाहेरच्या सामाईक पॅसेजमुळे. मुलांचा अभ्यास तिथे, पुरुषांची पथारी तिथे. अर्थात या घरांची गोडी विचारायची, तर पहाटे सामाईक संडासाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला विचारावी. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. तिथे संडास घरातच आहे. पॅसेजमध्ये मात्र आता कोणी पथारी टाकणार नाही.