मनगटावरची नाडी कितपत खरी?

अलिबागची चुंबकीय वेधशाळा तुम्ही पाहिली असेल. ती आधी मुंबईत, कुलाब्याला होती. शहरात विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या विजेमुळे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला आणले. उपकरणे चांगलीच होती. अडचण आजूबाजूच्या व्यत्ययाची होती.

तुमच्या स्मार्टवॉचचेही तसेच आहे.

घड्याळ लावून नाडी मोजण्याची पद्धत इंग्लंडचे डॉक्टर जॉन फ्लॉयर यांनी १७०७ मध्ये मांडली. १९३७ मध्ये अमेरिकेत आल्रिक हर्ट्झमन यांनी बोटांवर प्रकाश टाकून रक्तप्रवाहातले चढउतार टिपले. घड्याळामागचा हिरवा दिवा हेच करतो. बसलेले असताना ते छान जमते. वाळूवर धावताना मात्र हात हलतो, पट्टा सरकतो आणि कधी कधी घड्याळ ठोक्यांऐवजी पावलेच मोजते.

२०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने अशी सात उपकरणे तपासली. सहा उपकरणांची नाडीतली चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरींमध्ये मात्र सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्के चुकले. म्हणून ‘आज ४०० कॅलरी जाळल्या’ म्हणत जास्तीचा वडापाव खाऊ नका. मधुमेह असेल तर मुळीच नको.

पट्टा मनगटाच्या हाडाच्या थोडा वर, घट्ट बांधा. आकडा विचित्र वाटला तर थांबा, बोटांनी ३० सेकंद नाडी मोजा आणि दुप्पट करा. छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर घड्याळ काहीही दाखवो, व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांकडे जा.