परशुराम खुणे : झाडीपट्टी रंगभूमीचा विनोदी नट

गडचिरोली जिल्ह्याच्या कुरखेडा तालुक्यात गुरनोली हे गाव आहे. तिथले परशुराम कोमाजी खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्या वर्षीच्या पद्म यादीत झाकीर हुसेन आणि सुमन कल्याणपूर यांचीही नावे होती. मुंबई-पुण्याच्या बऱ्याच वाचकांनी खुणे यांचे नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकले. झाडीपट्टीत मात्र ते 'झाडीपट्टीचे दादा कोंडके' म्हणून आधीपासूनच घरोघरी ठाऊक होते.

झाडीपट्टी म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि भंडारा या जिल्ह्यांचा धानाचा आणि जंगलाचा पट्टा. इथले नाटक दंडार या जुन्या लोकनाट्यातून वाढले. दिवाळीनंतर धान घरात आले की गावोगावी मंडई भरते. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक. पडदा दहाच्या सुमारास वर जातो आणि प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. ऑर्गन-तबल्याच्या साथीने गाणी रंगमंचावरच गायली जातात. त्यामुळे नुसता अभिनय येऊन भागत नाही. नाटक कंपन्यांची मुख्य पेठ वडसा, म्हणजे देसाईगंज.

खुणे यांच्या नावावर ८०० हून अधिक भूमिका आणि ५,००० हून अधिक प्रयोग आहेत. या आकड्यांचा भागाकार करून पाहावा : एका भूमिकेच्या वाट्याला सरासरी सहाच प्रयोग येतात. शहरी रंगभूमीवर एकच नाटक शेकडो प्रयोग चालते. इथे नटाला सतत नवी संहिता, नवी गाणी उचलावी लागतात. त्यात विनोदी नटाचे काम अधिक कठीण. रात्री तीन वाजता, थंडीत घोंगडी पांघरून बसलेल्या गर्दीला जागे ठेवायचे ते त्यानेच.

हा हंगाम होळीपर्यंतचा. पुढचे महीने नटाला शेती किंवा मजुरीवर काढावे लागतात. पगार, रजा, निवृत्तिवेतन यांचा प्रश्नच नाही. प्रयोग झाला तर पैसे. म्हणून बाहेरचा धक्का थेट चुलीपर्यंत पोहोचतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा शंकरपटाच्या निमित्ताने होणाऱ्या नाटकांचा आधारही डळमळला. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने राज्याला शर्यतींची परवानगी दिली, पण त्याआधीच २०२० च्या टाळेबंदीने रात्रीचे प्रयोगच थांबवले होते.

खुणे यांनी रंगमंचाचा उपयोग अंधश्रद्धेविरुद्ध बोलण्यासाठी आणि नक्षलग्रस्त भागातील तरुणांच्या पुनर्वसनासाठीही केला. पद्मश्री जाहीर करताना सरकारने या कामाची दखल घेतली. हसवणाऱ्या नटाचे शब्द गावकरी ऐकून घेतात, तेच भाषण म्हणून कोणी केले तर मंडपातली माणसे उठून जातील.