जुन्नरची पागा आणि घोड्याचें लंगडेपण

मराठ्यांच्या घोडदळाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्या घोड्यांच्या पायांविषयीं मात्र फारच थोडें. बखरकार संख्या देतो, त्यांतील चालते किती व लंगडे किती हें सांगत नाहीं. जुन्नर व आंबेगांव ह्या प्रांतापुरता हा विषय तपासून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ह्या भागाचा अश्वसंबंध जुना आहे. नाणेघाटांतील सातवाहनकालीन लेखांत अश्वमेधाचा व दक्षिणेंत दिलेल्या घोड्यांचा उल्लेख येतो. (घोड नदी व घोडेगांव ह्या नांवांवरून आणखी अनुमानें काढण्याचा मोह होतो, परंतु नामसादृश्य हा पुरावा नव्हे, म्हणून तीं आम्ही सोडून देतों.)

खरा बोलका साक्षीदार भेटतो तो पंधराव्या शतकांत. रशियन व्यापारी आफनासी निकितीन हा इ. स. १४७० च्या आसपास चौलास उतरून, विक्रीकरितां आणिलेला एक घोडा घेऊन जुन्नरास आला. तेथील अधिकारी असदखान यानें घोडा हिरावून घेतला, आणि मुसलमान होशील तर घोडा व वर हजार सुवर्णनाणीं देईन असें सांगितलें; पुढें एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीनें घोडा सुटला. ही कथा वाचकांस ठाऊक असेल. आमचें लक्ष वेधितात त्या निकितीनच्या दुसऱ्याच दोन गोष्टी. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, ही एक. आणि ह्या देशांत घोड्यांस कडधान्य चारितात, साखर व तेल घालून खिचडी शिजवून देतात, ही दुसरी.

ह्या दोन गोष्टी शेजारीं ठेवाव्या. ओल्या जागेंत खूर मऊ पडतो. घोडा उभा राहून राहून अवघडतो. आणि मेहनत नसतां दाणा बेसुमार झाला तर खुराच्या आंतील जिवंत पापुद्र्यांस दाह होतो, असें आजचे पशुवैद्य सांगतात. असा घोडा पुढचे पाय पुढें ताणून, भार मागें घेऊन उभा राहतो. पाहणारा त्यास सांध्यांचा वात म्हणेल. रोग असतो खुरांत. म्हणून जुन्या बाडांत ‘वात’ असें दिसलें कीं संपादकानें तो संधिरोगच आहे असें धरून चालूं नये. त्यापुढें आहाराचा निषेध आहे कीं तेलाचें मर्दन, हें पाहून मग निर्णय करावा. पायाची परीक्षा तर अगदीं साधी आहे: पुढचा दुखरा पाय टेकतांच घोडा मान वर उचलतो, चांगला पाय टेकतांना खालीं घालितो.

शालिहोत्राच्या नांवावरूनच ‘सलोत्री’ हा शब्द आला. जयदत्ताचें अश्ववैद्यक कलकत्त्यास गेल्या शतकापूर्वींच्या शतकांत छापलें गेलें, भोजाचें शालिहोत्र पुण्यास १९५३ सालीं. ह्या परंपरेंतील उपाय म्हणजे स्नेहन, स्वेदन, लेप, रक्तमोक्षण, आणि शेवटीं अग्निकर्म. सुश्रुतानें मनुष्याच्याही संधि व अस्थि यांच्या तीव्र वेदनेंत डाग सांगितला आहे. इंग्लंडांतील ब्रिस्टल येथील पशुवैद्यांनीं १९८३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मात्र डागण्यानें घोड्याची दुखावलेली कंडरा अधिक चांगली बरी होते असें दिसलें नाहीं. त्यांनीं तपासल्या त्या कंडरा, सांधे नव्हेत, हें खरें. तथापि डागलेल्या घोड्यास जखमा भरेपर्यंत खोगीर घालितां येत नसे. गुण आला तो बहुधा त्या सक्तीच्या विश्रांतीचा, असें आमचें मत आहे. झिजलेला सांधा मात्र विश्रांतीनेंही पूर्ववत् होत नाहीं.

आतां शिवकालाकडे वळूं. इ. स. १६५७ त महाराजांनीं जुन्नर मारिलें, तेव्हां दोनशें घोडे पाडाव झाले असें सभासद लिहितो. तोच सभासद पागेच्या व्यवस्थेंत पंचवीस घोड्यांस एक पखालजी व एक नालबंद सांगतो. त्या हिशेबानें एकट्या जुन्नरच्या घोड्यांस आठ नालबंद लागले असते. वैद्याआधीं पाणी आणि नाल ह्यांची सोय होते, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. शिलेदारास तर घोडा स्वतःचा. तो लंगडला कीं चाकरीच गेली. त्यास आगाऊ मिळणाऱ्या रकमेचें नांवही ‘नालबंदी’ असेंच पडलें होतें.

हें सर्व लिहिण्यास एक निमित्त झालें. ह्याच प्रांतांतील एका घरीं आम्ही गेलों असतां यजमानांनीं पोथ्यांचें गाठोडें मोठ्या आदरानें सोडिलें. कवितेचीं पानें रेशमी कापडांत होतीं. घोड्यांच्या औषधांचें बाड कोठें आहे असें विचारतां, तें मागल्या पावसाळ्यांत गळक्या कौलांखालीं लाविलें, असें उत्तर मिळालें. उरलेलीं तीन पानें आम्हीं पाहिलीं. दोहोंवर शाई पसरली होती, आणि तिसऱ्यावर लेपाच्या द्रव्यांचीं मापें तेवढीं शिल्लक होतीं, रोगाचें नांव नव्हतें.

जुन्नर-आंबेगांवांतील ज्या संग्राहकांजवळ अशीं बाडें, नालबंदांचे हिशेब अथवा पागेच्या दाण्याचे तेरीज-कागद असतील, त्यांनीं निदान पहिलें व शेवटचें पान आणि पत्रसंख्या उतरून पाठविण्याची कृपा करावी.